तीन धुण्यांपुरतं

देवास नाक्याच्या अलीकडे, टायरवाल्याला लागून,
पत्र्याखाली माझं दुकान.
बोअरचं पाणी इतकं जड
की थेंब वाळला की पांढरा शिक्का ठेवून जातो.
नर्मदा एक दिवसाआड येते,
तेव्हा ड्रम भरून ठेवतो. शेवटचा हात तिचाच.

कुमुदिनी बोरगावकर मंगळवारी आल्या,
लोकमान्य नगरहून, स्वतः चालवत.
एकसष्टाव्या वर्षी शिकले, हे दार उघडायच्या आत सांगितलं.
त्याआधी तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, हे नंतर.
गाडी जांभळट लाल, पाच वर्षांची,
त्यांच्याकडे चार महिने.
"भाचा म्हणतो, सीलंट लावून घे,
डाग काढतं, चरेही काढतं. खरं का हो?"

नाही, म्हटलं.
सीलंट काही काढत नाही.
ते बरणीचं झाकण.
आत मुरांबा असेल तर मुरांबा टिकेल,
बुरशी असेल तर बुरशी.
आधी धुवायचं. मग मातीची वडी फिरवायची
बोटाखालची खरखर जाईतो.
मग मशीन, पॉलिश. ते रंग खातं,
केसाच्या विसाव्या भागाइतका.
चरा काढतात म्हणजे चरा उचलत नाहीत,
त्याच्या आजूबाजूची जमीन खाली आणतात.
सीलंट सगळ्यात शेवटी.

"पण काही बाटल्यांवर लिहितात ना, साफही करतं म्हणून?"
लिहितात. त्यात थोडी खरवड असते, थोडा भरणा.
मळ जातो, चरे बुजतात,
भर उन्हात उभी केली तरी दिसत नाहीत,
तीन धुण्यांपर्यंत.

"अगदी तस्संच झालं," त्या म्हणाल्या.
"घेतली तेव्हा आरसा होती. तिसऱ्यांदा धुतली
आणि हे कोळ्याचं जाळं वर आलं.
माझंच चुकलं. जुन्या परकराचं फडकं वापरलं मी."

टॉर्च घेऊन वाकलो.
उजेडाभोवती गोल गोल चरे,
आणि डाव्या दारावर, हँडलखाली,
उलट्या सातासारखा खोल एक.

तो सात माझ्या ओळखीचा होता.
कार्तिकात चंदवानीच्या यार्डातून
एका दिवसात अकरा गाड्या आल्या होत्या.
"कल तक चमका दे भिया," एवढंच.
त्या सातात भरणा मीच दाबला होता,
आणि जुनैदला बोलावून दाखवलं होतं, बघ, कसा बसला.

मग मी काय केलं?
क्लिअर कोटबद्दल सांगत बसलो.
मीटर लावून आकडे दाखवले,
छतावर एकशे दहा, दारावर ऐंशी.
फडक्याची वीण कशी असावी तेही.
वीस मिनिटं मी सगळं खरंच बोलत होतो
आणि त्या मान डोलवत होत्या, परकराला दोष देत.

जुनैदनं पंप बंद केला.
मुद्दाम की पाणी संपलं म्हणून, विचारलं नाही.

"परकराचं काही नाही," म्हटलं.
"ही गाडी माझ्या हाताखालून गेलीये.
चरे होते. मी बुजवले."

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला,
मग त्या पदराकडेच बघत राहिल्या.
"त्यानं किती दिले तुम्हाला?"
सातशे.
"आणि काढायचे किती घ्याल?"
मी आकडा सांगेना.
त्यांनी सांगायला लावला.

दीड दिवस गेला. जाळं गेलं.
सात गेला नाही. तिथे खायला रंगच नव्हता,
आणखी घासलं असतं तर पत्रा हसला असता.
त्यांनी नखानं तपासला. नख अडकलं.
वर सीलंट चढवलं, सावलीत, नर्मदेच्या पाण्यानंतर.

पावतीवर तेरा वर्षांत पहिल्यांदा लिहिलं,
डावं दार, चरा एक, काढलेल नाही.
बाईंनी वाचलं. माझंच पेन मागितलं,
राहिलेला काना दिला,
पावती घडी करून पर्समध्ये ठेवली
आणि पहिला गिअर जरा जोरातच टाकला.